कानाचा काटा

‘करोल बाग’ हे नाव एकदा मोठ्याने म्हणा. शाळेत शिकलेल्या लघु-गुरूने मोजले तर त्यात पाच अक्षरे भरतात: क लघु, रो गुरु, ल लघु, बा गुरु, ग लघु. कानाला मात्र तीनच ऐकू येतात: क, रोल, बाग. ‘ल’ आणि ‘ग’ यांचा स्वर गळाला आहे आणि दोघेही आधीच्या अक्षराला बिलगले आहेत. आता ‘करोल बागेत’ म्हणा. ‘ग’ सुटतो, ‘त’ला सोबत घेऊन नवे अक्षर उभे करतो, आणि ‘बा’चे वजन तेवढे उतरते. एक विभक्तीचा प्रत्यय, आणि सगळा तोल बदलला! अक्षरभाराचा अभ्यास म्हणतात तो हाच.

अक्षराचे वजन स्वरापासून पुढे मोजतात. ‘स्त्री’ गुरु आहे ती दीर्घ ईमुळे. आधीच्या तीन व्यंजनांचा भार धरला जात नाही. स्वर ऱ्हस्व असला तरी पुढच्या व्यंजनाने अक्षर मिटले तर ते जड होते. ‘पत्र’मधला ‘प’ गुरु होतो तो त्यामुळेच. मग ‘तुम्ही’तला ‘तु’ लघु का? कारण ‘म्ह’ मराठीच्या तोंडी एकच व्यंजन आहे. लिपी दोन्हीकडे जोडाक्षर दाखवते. भेद कानालाच कळतो. कवी माधव जूलियन फारसी शिकवत, आणि त्या परंपरेत वृत्तालाच ‘वज़्न’ म्हणतात. त्यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी.लिट. दिली. आपल्याकडे या विषयाचे दार कवितेने उघडले, याचा मला फार आनंद वाटतो.

पण वजन केवळ कवितेत नसते. दिल्लीच्या करोल बागेत सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडून आलेल्या, सोने-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांची घरे आहेत. पेढीवर हिंदी, घरात मराठी. हिंदीतले दोनच शब्द घेऊ. ‘कारीगरी’त आघात पहिल्या ‘री’वर पडतो, ‘रेज़गारी’त मात्र थेट ‘रेज़’वर. दीर्घ स्वर आणि वर व्यंजन, असे ‘रेज़’ हे गुरूहूनही जड आहे, म्हणून ते आघात ओढून घेते. कारीगरीत तसे अतिजड अक्षर नाही. तेथे शेवटचे अक्षर सोडून उजवीकडचे गुरु अक्षर जिंकते. अशोक केळकरांनी हिंदी-उर्दूच्या शब्दांतील स्वनांवर लिहिलेले पुस्तक पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ साली काढले. त्यातली उदाहरणे अक्षरभाराच्या चर्चेत जगभर घेतली जातात.

घरी परतल्यावर ‘मीठ’ ‘मिठात’ होते, ‘दूध’ ‘दुधात’. उपान्त्य इकार-उकाराचा नियम मुलांकडून घोकून घेतला जातो, हे मला खटकते. ‘मीठ’ हे एकच अक्षर. ‘मिठात’मध्ये ‘ठ’ पुढच्या अक्षरात गेला की ‘मि’ हलका होतो. मुलांना हे ऐकवले तर ऱ्हस्व-दीर्घ आपोआप सापडेल.

लॅटिनमध्येही उपान्त्य अक्षर जड असेल तर आघात त्यावर, नसेल तर एक घर मागे. तेथेही वजन स्वरापासून पुढेच. मात्र ब्राझीलमधल्या पिराहा भाषेत स्वराआधीचे व्यंजनही तोलले जाते: तेथे ‘का’ हे ‘गा’हून जड. ‘स्त्री’बद्दल वर मांडलेला नियम तेथे पुरत नाही, आणि वाचकाने तो प्रश्न या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणापासूनच सोबत ठेवावा.