धन्याची चाल, कारखान्याची रीत

भगिनींनो, घरातली थोरली सून वागते तशा धाकट्या वागतात. कारखान्याचेही तसेच असते. आपल्या विक्रोळीचाच दाखला पाहा.

अर्देशिर गोदरेज शिकले वकिली. पण झांझिबारात एका खटल्यात अशिलासाठी खोटे बोलावे लागेल असे दिसताच त्यांनी वकिली सोडली. पुढे शस्त्रक्रियेची हत्यारे बनविली. त्यांवर हिंदुस्थानी मालाचा शिक्का नको, असा इंग्रज गिऱ्हाइकाचा आग्रह पडला. अर्देशिरांनी तो मानला नाही, धंदा गेला. १८९७ साली त्यांनी मुंबईत कुलुपांचा कारखाना काढला. कुलूप विकणे म्हणजे विश्वासच विकणे!

धाकटे बंधू पिरोजशा यांनी १९४३ साली विक्रोळीची जमीन लिलावात घेतली. कारखान्याबरोबर कामगारांची घरे झाली, १९५५ साली उदयाचल शाळा निघाली, खाडीकाठची तिवरे राखली गेली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १२ लाखांवर मतपेट्या येथेच तयार झाल्या. देशाचे मत ज्या पेटीत पडायचे, तिचे काम कच्चे असून कसे चालेल?

भिंतीवरचे नियम कोणी वाचीत नाही. वरचा माणूस काय करतो ते सगळे पाहतात. मंडळातही अध्यक्षीणबाई वेळेवर आल्या की सगळ्या येतात. वर्गणीचा हिशेब उघडा असला की मनात किंतु राहत नाही. मात्र थोरांची पुण्याई मागच्यांनी वागून राखावी लागते. पुढे पदावर येणाऱ्या बहिणींनी एवढे ध्यानी धरावे.