नामावलीचे संगीत

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर नावे येऊ लागली आणि मागे वाद्ये वाजू लागली, की आपण पदर सावरून नीट बसतो, मुलांना गप्प करतो आणि शेजारणीशी राहिलेले दोन शब्द बोलून घेतो. खरी गोष्ट अजून सुरू व्हायची आहे, अशी आपली समजूत असते. जुने अमेरिकन विनोदी प्रेमपट पाहताना मला मात्र वाटू लागले, की गोष्ट त्या नावांपाशीच सुरू झालेली असते. त्याविषयी चार शब्द भगिनींपुढे ठेवते.

आपल्या संगीत नाटकाची नांदी सुरू झाली, की प्रेक्षागृहातली कुजबुज थांबते आणि घरचा व्याप घटकाभर दाराबाहेर राहतो. नामावलीचे संगीतही हेच करते. पण प्रेमपटात त्याला आणखी एक काम असते. या गोष्टींत नायक नाव बदलून नायिकेला फसवतो, नायिका त्याला रडकुंडीस आणते. एरवी आपल्याला या लबाडीचा रागच आला असता. ते खेळकर सूर आधीच कानात सांगून ठेवतात, ‘बायांनो, आज रुसवेफुगवे पुष्कळ होतील, पण कुणाचे वाईट होणार नाही, खुशाल हसा.’

प्रेस्टन स्टर्जेसचा १९४१ सालचा ‘द लेडी ईव्ह’ घ्या. नायक हेन्री फोंडा हा सर्पांचा अभ्यासक, तर नायिका बार्बरा स्टॅनविक पत्त्यांच्या डावात लोकांना लुबाडणारी. आरंभीच उंच टोपी घातलेला एक चित्रातला साप खुळखुळा वाजवीत नावांमधून वळवळत येतो. साप, सफरचंद आणि आदिमाता ईव्ह यांची बायबलातली कथा अशी थट्टेने सुचवली, की पुढे कोण कोणाला भुलवणार हे सांगावे लागत नाही.

१९५९ सालच्या ‘पिलो टॉक’मध्ये नावे येताना नायिका डोरिस डे हिनेच गायलेले गाणे ऐकू येते. पडद्याचे भाग पाडलेले असतात आणि निरनिराळ्या पलंगांवर पहुडलेले स्त्रीपुरुष उशा उडवीत असतात. अमेरिकेत १९३४ पासून चित्रपटांवर नीतिनियमांचा कडक अंमल होता. अविवाहित जोडप्याला एका पलंगावर दाखवण्याची सोय नव्हती. मग पडदाच विभागून टाकला! कथेतही टेलिफोनची एकच तार नायक-नायिकेच्या घरांत वाटलेली असते आणि त्यावरून त्यांचे भांडण जुंपते. ती सारी गंमत गाण्याने अगोदरच सांगितलेली असते. या गाण्याच्या दोन कर्त्यांपैकी एक आयनेझ जेम्स ही स्त्री होती, हे मी मुद्दाम सांगते.

मुद्दाम अशासाठी, की नामावलीचा पहिला हेतू नावे सांगणे हाच आहे. लेखक, संकलक, वेशभूषा करणारी, गाणी रचणारी यांची नावे कोरडेपणाने वाचायला कोण बसेल? सुरांच्या संगतीने ती सर्वांच्या डोळ्यांखालून जातात. पण त्या सुरांत एखाद्यावरचा अन्यायही झाकला जाऊ शकतो. १९५३ सालच्या ‘रोमन हॉलिडे’च्या आरंभी जॉर्ज ओरिकच्या संगीतावर रोमची सुंदर दृश्ये दिसतात, सारा चित्रपट रोममध्येच टिपला, असेही अगत्याने सांगितले आहे. ज्याने ही कथा लिहिली त्या डाल्टन ट्रंबोचे नाव मात्र त्यात नव्हते. राजकीय मतांविषयीच्या सरकारी चौकशीत उत्तरे देण्याचे नाकारल्यामुळे १९५० मध्ये त्याला तुरुंगात जावे लागले आणि चित्रसृष्टीची दारे त्याला बंद झाली होती. त्याचा मित्र इयन मॅकलेलन हंटर याच्या नावावर कथा गेली आणि तिचे ऑस्करही. ट्रंबो १९७६ साली वारला. ते पारितोषिक १९९३ मध्ये त्याची पत्नी क्लिओ हिच्या हाती आले आणि पटकथेचे श्रेय लेखकसंघाने पुरतेपणी परत दिले ते २०११ साली. इतकी वर्षे ते गोड सूर वाजतच होते आणि प्रेक्षकांना कशाची उणीव भासली नव्हती.

पुढे १९७० नंतरच्या काळात बहुतेक नावे हळूहळू चित्रपटाच्या शेवटी गेली. गोष्ट लवकर सुरू होते हे खरे. परंतु दिवे लागून लोक चपला शोधू लागतात तेव्हा ती यादी वर सरकत असते. आपल्या समारंभातही पडदे शिवणाऱ्या, शंभर माणसांचा चहा करणाऱ्या मैत्रिणींची नावे आभारप्रदर्शनात, निम्मी मंडळी उठल्यावरच येतात. यंदा ती स्वागतगीतानंतर लगेच, सर्वजणी जागेवर असताना घ्यावीत, एवढीच माझी सूचना आहे. पेटीवाल्या ताईंनी मागे दोन सूर धरले तर फारच उत्तम!