अंगणातला विस्तव



हिवाळ्यात हुरडा खाण्यासाठी शेतावर जाण्याचा योग आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. जमिनीत खड्डा करून पेटविलेली आगटी, तीत फुललेल्या गोवऱ्या आणि भोवती जमलेली मंडळी हे दृश्य विसरता येण्याजोगे नाही. परंतु हुरडा संपला म्हणून जाणता शेतकरी आगटी तशीच सोडून उठत नाही. तो विस्तवावर माती लोटतो आणि मगच हात झटकतो. एका ठिणगीने कडब्याची गंजी जाते, हे त्याला ठाऊक असते. उघड्यावर भाजून खाण्याची हीच हौस अमेरिकेत घरोघरच्या अंगणात शिरली, तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या आगीला आवर कसा घातला गेला, हे आज पाहावयाचे आहे.

‘बार्बेक्यू’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोकांचा. विस्तवावर उंच बांधलेल्या काटक्यांच्या मांडवाला ते जे नाव देत, त्याचे स्पॅनिश लोकांनी ‘बार्बाकोआ’ केले आणि पुढे ते इंग्रजीत रूढ झाले. उत्तर अमेरिकेतील वसाहतींत त्याला सार्वजनिक मेजवानीचे रूप आले. लांबलचक चर खणावा, त्यात लाकडांचे निखारे करावेत आणि तासन् तास मांस भाजावे, अशी ती पद्धत. तेथे विस्तव जमिनीच्या पोटात असे आणि त्याच्याजवळ कोणी ना कोणी जागे असे. आपल्या आगटीपेक्षा ही व्यवस्था फारशी निराळी नव्हती.

पुढे कोळसा सुटसुटीत झाला. कोळशाच्या भुकटीच्या घट्ट वड्या करण्याचे पेटंट एल्सवर्थ झ्वॉयर यांनी 1897 मध्ये घेतले. 1920 नंतरच्या दशकात हेन्री फोर्ड यांनी मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाच्या टाकाऊ भागापासून अशा वड्या मिशिगनमध्ये तयार करविल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांबाहेर नवी उपनगरे वसली आणि प्रत्येक घरामागे छोटे अंगण आले. चरातला विस्तव आता तीन पायांच्या उघड्या शेगडीत, लाकडी भिंतीच्या शेजारी येऊन उभा राहिला. यजमान पाहुण्यांच्या सरबराईत गुंतला आणि पहारा सुटला.

शिकागोच्या वेबर ब्रदर्स या धातुकामाच्या कारखान्यात काम करणारे जॉर्ज स्टीफन वाऱ्याने उडणाऱ्या राखेला कंटाळले होते. तेथे पाण्यावर तरंगणारे बोये तयार होत. 1952 मध्ये त्यांनी तशा गोलाच्या एका अर्ध्या भागाची शेगडी केली आणि तिच्यावर छिद्रे असलेले झाकण बसविले. छिद्रे उघडी ठेवली की विस्तव फुलतो. बंद केली की हवेवाचून विझतो. शेतकऱ्याची माती जे काम करी, तेच या झाकणाने केले.

त्यानंतर गॅसच्या शेगड्या आल्या आणि धोक्याचे रूप पालटले. सिलिंडरमधील प्रोपेन वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास खाली साचून राहतो. शिवाय सिलिंडर काठोकाठ भरला, तर उन्हाने फुगणाऱ्या द्रवाला जागा उरत नाही. म्हणून सिलिंडर सुमारे 80 टक्के भरताच तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारी झडप सक्तीची झाली. ती नसलेले घरगुती सिलिंडर अमेरिकेत 1 एप्रिल 2002 पासून पुन्हा भरून मिळेनासे झाले.

झाकण आले, झडप आली. आगी मात्र थांबल्या नाहीत. 2017 ते 2021 या काळात अमेरिकेतील अग्निशामक दलांना अशा शेगड्यांमुळे लागलेल्या आगींसाठी वर्षाला सरासरी 11,421 वेळा धावावे लागले. त्यांत गॅसच्या शेगड्यांचाच वाटा मोठा होता. कारणे पाहावीत तर साधीच: शेगडी न घासल्यामुळे साचलेली चरबी, भिंतीला खेटून केलेली मांडणी आणि पेटती शेगडी सोडून आत गेलेला माणूस. म्हणूनच तेथील अग्निसुरक्षेचे नियम सदनिकांच्या लाकडी सज्ज्यांत किंवा जळाऊ बांधकामापासून 10 फुटांच्या आत अशी शेगडी पेटविण्यास मनाई करतात.

आपल्याकडेही गच्च्यांवर अशा शेगड्या दिसू लागल्या आहेत. तेव्हा थोडे पथ्य पाळावे. गॅस पेटविताना झाकण उघडे असावे आणि नळीच्या जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. धुमसत्या कोळशावर रॉकेल कधीही ओतू नये. चरबीने पेट घेतल्यास पाणी टाकू नये; गॅस बंद करावा व झाकण घालावे. कोळशाची शेगडी पाऊस आला तरी घरात आणू नये, कारण तिचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. राख पूर्ण निवल्यावरच झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावी. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा कित्येक तास जिवंत राहतो.

माणसाने विस्तवाला खड्डा दिला, झाकण दिले, झडप दिली. परंतु आगटीवर माती लोटून मगच उठणाऱ्या शेतकऱ्याची जागा यांपैकी एकालाही घेता आलेली नाही. ती जागा ज्याने विस्तव पेटविला त्याचीच आहे.