आधी समता, मग ध्यान

विद्यार्थ्यांच्या ताणावर विद्यापीठांकडे हल्ली एक तयार उत्तर असते: ध्यानाचे शिबिर घ्या, श्वासाचे व्यायाम शिकवा. वेल्ह्यातल्या पासलीसारख्या डोंगरी गावातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाची शिष्यवृत्ती रखडली, वसतिगृह मिळाले नाही, तरी त्याला सांगायचे की डोळे मिट, श्वास घे. म्हणून या उपायाचा इतिहास तपासला पाहिजे.

श्वासावरचे ध्यान आपल्याला परके नाही. मज्झिमनिकायातील ११८ वे सुत्त आनापानसतीचे आहे. त्यात श्वास रोखायचा नसतो. येणारा-जाणारा श्वास फक्त जाणायचा असतो. भाजे लेण्यातल्या कोठड्यांत भिक्खूंचे दगडी ओटे आजही दिसतात. भोरच्या शेजारी शिरवळलाही बौद्ध लेणी आहेत. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर आनापान शिकवले जाते. त्याने मन शांत होते, हे नाकारायचे कारण नाही.

पण हे ध्यान कुठे बसून केले जात होते? संघात. आणि संघाची रीत काय होती? शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या दिली गेली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावे आणि त्यांचा कुळाचा गर्व गळावा. रस्ते झाडणारा सुनीतही त्याच संघात आला. तिथे ध्यानाला बसणाऱ्याच्या शेजारी त्याची जात काढणारा कोणी बसत नव्हता.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये हेच बजावले आहे. नुसती समाधी मनातले अडथळे तात्पुरते थोपवते. सम्यक समाधी मनाला कुशल विचाराची कायमची सवय लावते. त्यांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० ला औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, ते आपल्या पोरांना ताठ मानेने शिकता यावे म्हणून.

२२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आदिवासी डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवले. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याची कुटुंबाची तक्रार होती. त्याच वर्षी त्यांची आई आणि रोहित वेमुलाची आई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी होती भेदभाव रोखणारे २०१२ चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम खरोखर लागू करण्याची. ध्यानवर्गाची नव्हे.

तथागतांनी दुःख सांगितले, तसे दुःखाचे कारणही सांगितले. कारण झाकून श्वास मोजायला लावणे हा धम्म नाही. मित्रांनो, आनापान जरूर करा, आणि शांत झालेल्या डोक्याने आपल्या महाविद्यालयाला विचारा: समान संधी कक्ष कुठे आहे?

जय भीम!