ओरोसियसचा इतिहास: वाद आणि बोध

इ. स. ४१० च्या ऑगस्ट महिन्यात अलॅरिकच्या गॉथ सैन्याने रोम नगर तीन दिवस लुटले. जुन्या दैवतांच्या उपासकांनी दोष दिला तो ख्रिस्ती धर्माला. पूर्वजांचे देव टाकले म्हणूनच हा अनर्थ ओढवला, असे ते म्हणू लागले.

या आरोपाचे खंडन करण्यासाठी हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी ४१३ च्या सुमारास ‘ईश्वराचे नगर’ हा ग्रंथ हाती घेतला. त्यांच्याच सूचनेवरून हिस्पानियातून आलेल्या ओरोसियस या तरुण धर्मगुरूने सात खंडांचा ‘मूर्तिपूजकांविरुद्ध इतिहास’ लिहिला. तो ४१७ च्या सुमारास पूर्ण झाला.

ओरोसियसचा युक्तिवाद साधा आहे. इ. स. पूर्व ३९० च्या सुमारास गॉल टोळ्यांनी रोम जाळले, इ. स. पूर्व २१६ मध्ये कॅनेच्या रणांगणावर रोमचे सैन्य कापले गेले. तेव्हा तर सर्व देवळांत यज्ञबळी यथासांग चालू होते. मग त्या देवांनी नगराचे रक्षण का केले नाही?

आम्हांला मात्र त्याचा पाचवा खंड अधिक मोलाचा वाटतो. रोमचे विजय रोमला सुखाचे. पण जिंकलेल्या प्रांतांना ते कसे वाटले असतील, असे तो तेथे विचारतो. विजेत्यांच्या बखरीत पराभूतांचे अश्रू मोजणारा असा लेखक विरळाच.

तरीही वाद जिंकण्याच्या भरात त्याचा तोल जातो. ४१० ची लूट तो अगदी सौम्य करून सांगतो. उलट, संत ऑगस्टीन यांनी आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात त्या लुटीत विटंबना झालेल्या स्त्रियांचे सांत्वन केले होते. मिसर देशातील दहा पीडांप्रमाणे चर्चचे छळही दहाच, हे ओरोसियसने मांडलेले गणितही ऑगस्टीन यांनी, त्याचे नाव न घेता, अठराव्या खंडात नाकारले. छळांना अशी संख्येची मर्यादा घालता येत नाही, असे त्यांचे मत होते.

ओरोसियसचा ग्रंथ पुढे शतकानुशतके वाचला गेला. त्याचा अरबी अनुवाद झाला आणि चौदाव्या शतकात इब्न खल्दूननेही त्याचा उपयोग केला. आम्ही तो आजही आदराने वाचावा. परंतु श्रद्धेच्या समर्थनासाठी कोणाचेही दुःख लहान करून सांगू नये, हा गुरूचा धडा शिष्याच्या ग्रंथाशेजारी ठेवूनच वाचावा.