अपुऱ्या दिवसांचे बाळ, शस्त्रक्रिया आणि भुलीचा इतिहास

अल्-बीरूनीच्या ‘अल्-आसार अल्-बाकिया’ या कालगणनेवरील ग्रंथाची इ.स. १३०७ च्या सुमारास तयार झालेली एक सचित्र प्रत एडिंबरा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहे. तिच्यातील एका चित्रात आडव्या पडलेल्या स्त्रीच्या पोटातून मूल बाहेर काढले जात असल्याचे दाखविले आहे. ‘कैसर’ या नावाची जी व्युत्पत्ती बीरूनीने सांगितली, तिचे हे चित्र होय. प्रसूतीच्या वेळी आई मरण पावली, तेव्हा तिचे पोट चिरून मूल काढण्यात आले, आणि त्यावरून त्याला हे नाव पडले, अशी ती हकीकत आहे. आजचे इतिहासकार ही व्युत्पत्ती फारशी मानत नाहीत. ज्यूलियस सीझरची आई ऑरेलिया तर मुलगा कर्ता होईपर्यंत हयात होती. तरीही वैद्यकाच्या इतिहासात या चित्राला मोल आहे, कारण ज्याला आज ‘सीझर’ म्हटले जाते तो छेद शतकानुशतके कोणावर घेतला जात असे, हे त्यावरून कळते. तो मेलेल्या किंवा मरणाच्या दारी असलेल्या स्त्रीवर घेतला जाई. वेदनेचा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता.

जिवंत आईवर हा छेद घेऊन तिला आणि बाळाला वाचवायचे, हा विचार पुढे आला तेव्हा मात्र वेदना आडवी आली. १८२६ साली केपटाउन येथे जेम्स बॅरी या लष्करी शल्यवैद्याने अशी शस्त्रक्रिया केली आणि आई व मूल दोघेही वाचले. भुलीचे औषध तेव्हा उपलब्ध नव्हते. ऑक्टोबर १८४६ मध्ये बॉस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी एडिंबऱ्याच्या जेम्स यंग सिम्प्सनने प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरले. त्यावर धर्माच्या नावाने आणि वैद्यकाच्या नावानेही आक्षेप आले. १८५३ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाला जॉन स्नो या वैद्याने बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिले, त्यानंतर आक्षेपांचा जोर ओसरत गेला. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे दोन शत्रू उरले होते. १८७६ मध्ये इटलीच्या एदुआर्दो पोर्रोने गर्भाशयच काढून टाकण्याचा कठोर उपाय केला. १८८२ मध्ये जर्मनीच्या माक्स सेंगरने गर्भाशयाला काळजीपूर्वक टाके घालण्याची पद्धत सांगितली आणि तीच टिकली. विसाव्या शतकात आईला भूल न देता तिचे पोट उघडणे ही कल्पनाही कोणाला सहन झाली नसती.

बाळाचा इतिहास याच काळात वेगळ्या वाटेने चालला होता. पॅरिसच्या प्रसूतिगृहात स्तेफान तार्निये याने १८८० नंतर अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी उबदार पेटी वापरात आणली. तिची कल्पना त्याला कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्रावरून सुचली होती. घरोघरी आजही ‘बाळाला पेटीत ठेवले आहे’ असे जे म्हणतात, ती हीच पेटी. अमेरिकेत मार्टिन कूनी याने तर कोनी आयलंडच्या जत्रेत तिकीट लावून पेटीतील बाळे दाखविली आणि त्या पैशातून त्यांची शुश्रूषा केली. १९०३ ते १९४३ एवढा काळ हा प्रकार चालला. इतिहासात चांगली कामे कधीकधी अशा विचित्र जागी होतात.

पेटीने ऊब दिली. न पिकलेल्या फुप्फुसांना श्वास देणे तिच्या हाती नव्हते. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी, तातडीच्या सिझेरियनने जन्मला. वजन सुमारे २.१ किलो. जगातील सर्वांत सामर्थ्यवान घराचे हे बाळ ३९ तासांत श्वसनाच्या विकाराने गेले. आज तेवढ्या वजनाची बहुतेक बाळे सुसज्ज रुग्णालयात सुखरूप वाढतात. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइड दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर पिकतात हे दाखविले, तर १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी फुप्फुसांत स्निग्ध द्रव्य घालण्याचा उपाय यशस्वी केला. लहान बाळांसाठी श्वासयंत्रेही याच काळात सुधारली. ज्या बाळांना पूर्वी पहिल्या दोन दिवसांत मृत्यू गाठत असे, ती आता आठवडे काढू लागली. आणि त्यातूनच नवा प्रश्न उभा राहिला, कारण या बाळांपैकी काहींना शस्त्रक्रियेची गरज भासू लागली.

त्यांतील नेहमीची शस्त्रक्रिया हृदयाजवळच्या एका नळीची. पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. म्हणून फुप्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त एका आखूड नळीतून थेट महाधमनीत वळते. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मले की ही नळी दोनतीन दिवसांत आपोआप मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती पुष्कळदा उघडीच राहते, रक्त उलट्या दिशेने फुप्फुसांत लोटू लागते आणि हृदय थकते. रॉबर्ट ग्रॉस याने २६ ऑगस्ट १९३८ रोजी बॉस्टन येथे सात वर्षांच्या मुलीची अशी नळी प्रथम यशस्वीपणे बांधली. १९७६ पासून औषधानेही ती मिटविता येऊ लागली. औषध लागू पडले नाही, तर डाव्या कुशीला छेद घेऊन, फासळ्या दूर करून नळी बांधावी लागे. एक किलोच्या आतबाहेर वजनाच्या बाळावर!

अशा बाळाला ही शस्त्रक्रिया होताना भूल मिळत होती काय? १९८० च्या दशकापर्यंत या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ नामवंत रुग्णालयांत ‘नाही’ किंवा ‘नावापुरती’ असे होते. आईचे सिझेरियन पूर्ण भूल देऊन होई; काही दिवसांनी तिच्याच बाळाची छाती उघडली जाई तेव्हा त्याला स्नायू लुळे करणारे औषध आणि फार तर थोडा नायट्रस ऑक्साइड वायू दिला जाई. लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यांनी १९५० मध्ये नवजातांच्या भुलीविषयी लिहिले, तेव्हापासून ही पद्धत प्रतिष्ठा पावली होती.

या वागण्याला निव्वळ निर्दयता म्हणणे अन्यायाचे होईल. ईथर, क्लोरोफॉर्म आणि अफूजन्य औषधे यांनी लहान बाळाचा श्वास थांबे, रक्तदाब कोसळे. बाळ भुलीनेच दगावेल ही भीती खरी होती. पण या भीतीला एका सिद्धान्ताचा आधार मिळाला आणि भीतीपेक्षा तो सिद्धान्तच जास्त घातक ठरला. मज्जातंतूंवरील आवरण जन्माच्या वेळी अपुरे असते हे जर्मन शास्त्रज्ञ फ्लेखसिग याच्या अभ्यासातून पुढे आले होते. त्यावरून नवजाताला वेदना जाणवतच नसावी असे अनुमान निघाले. वास्तविक वेदनेचा संदेश वाहणारे बरेचसे तंतू मोठ्या माणसातही आवरणाविना किंवा पातळ आवरणाचे असतात. आवरण नसेल तर संदेश सावकाश जाईल, इतकेच. आणि बाळाच्या देहात त्याला जायचे अंतरही वीतभरच असते. १९४१ मध्ये मर्टल मॅक्ग्रॉ यांनी बाळांना टाचणी टोचून त्यांच्या हालचाली नोंदविल्या. पहिल्या दिवसांतील मंद प्रतिसादाचा अर्थ मेंदूचा वरचा थर अजून जागा झालेला नाही असा लावला गेला. बाळ रडते ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया, हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी पाठ केले.

स्नायू लुळे करणारे औषध वेदना थांबवीत नाही, हे तर १९४७ पासून माहीत होते. अमेरिकेतील स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःच्या शरीरात क्युरारेचे द्रव्य टोचून घेतले होते. बोटही हलविता येईना, श्वास दुसऱ्यांनी द्यावा लागला, पण जाणीव आणि स्पर्श पूर्ण शाबूत होते. हा प्रयोग भूलशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक होता. बाळाच्या बाबतीत मात्र न हलणारे बाळ म्हणजे शांत बाळ, असेच धरले गेले.

१९८५ मध्ये वॉशिंग्टन येथे अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाची हीच नळी बांधण्यात आली. पुढे काही आठवड्यांतच बाळ दगावले. पुढे आईने वैद्यकीय कागदपत्रे मिळवून वाचली, तेव्हा शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला केवळ स्नायू लुळे करणारे पॅनक्युरोनियम दिले होते, वेदनाशामक काहीच नव्हते, असे तिला आढळले. विचारणा केली असता एवढ्या लहान बाळाला वेदना होतात हे सिद्ध झालेले नाही, असे उत्तर मिळाले. आईने पत्रे लिहिली. १९८६ मध्ये तिचे पत्र बाळंतपणविषयक नियतकालिकात छापले गेले, ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्यावर लेख केला, आणि ज्यांची बाळे त्याच प्रकारे टेबलावर गेली होती असे इतर आईबाप बोलू लागले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी संमतिपत्रावर सही केली होती. भूल दिली जाणार नाही, असे त्या कागदावर लिहिलेले नव्हते, आणि विचारायचे कोणाला सुचले असते?

याच सुमारास इंग्लंडमध्ये या प्रश्नावर मोजमाप चालू होते, आणि ते करणारा तरुण डॉक्टर इंदूरचा पदवीधर होता. कंवलजीत सिंग आनंद यांनी इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून १९८१ मध्ये एम.बी.बी.एस. केले आणि ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले. तेथील नवजात अतिदक्षता विभागात काम करताना, शस्त्रक्रियेला जाताना बऱ्या असलेल्या बाळांची प्रकृती परतल्यावर ढासळलेली असते, हे त्यांच्या ध्यानात आले. कारण शोधता शोधता ते भुलीपाशी पोहोचले.

बाळ बोलत नाही आणि औषधाने लुळे पडल्यावर रडतही नाही. तेव्हा त्याच्या रक्तालाच विचारायचे, असा मार्ग आनंद आणि त्यांचे मार्गदर्शक आयन्सली-ग्रीन यांनी काढला. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. नळी बांधावयाची असलेली अपुऱ्या दिवसांची १६ बाळे घेऊन त्यांचे चिठ्ठीच्या पद्धतीने दोन गट करण्यात आले. आठ बाळांना रूढ पद्धतीप्रमाणे नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे. उरलेल्या आठांना त्याशिवाय फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक, दर किलो वजनामागे १० मायक्रोग्रॅम. फेंटानिल न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ॲड्रिनलिन, नॉरॲड्रिनलिन, ग्लुकॅगॉन अशी संकटकाळी उसळणारी द्रव्ये कितीतरी जास्त वाढली. शस्त्रक्रियेनंतर रक्ताभिसरणाचे आणि चयापचयाचे बिघाडही त्यांच्यातच अधिक दिसले. भुलीने बाळ मरेल ही भीती होती. प्रत्यक्षात भूल मिळालेले बाळच अधिक स्थिर राहिले.

पहिल्या आठ बाळांना फेंटानिल का नाकारले, अशी टीका इंग्लंडमध्ये संशोधकांवर झाली. टीकेमागची भावना समजण्यासारखी असली, तरी तिचा रोख चुकला होता. या बाळांना जे मिळाले तोच त्या काळचा प्रमाण उपचार होता, आणि प्रयोग झाला नसता तर तो आणखी कित्येक वर्षे निमूटपणे चालू राहिला असता. विज्ञान शिकविणाऱ्याला नियंत्रित गट म्हणजे काय आणि त्याचे नैतिक ओझे कोणावर असते, हे समजावून देण्यास इतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

त्याच वर्षी आनंद आणि हिकी यांचा नवजाताच्या वेदनेवरील विस्तृत आढावा अमेरिकेतील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि सप्टेंबर १९८७ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने नवजातांना वयाच्या कारणावरून भूल नाकारली जाऊ नये असे निवेदन काढले. १९९२ मध्ये या दोघांनी नवजातांच्या हृदयशस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोल भूल आणि पुढे भरपूर वेदनाशमन मिळालेल्या ३० बाळांपैकी एकही दगावले नाही. तुलनेने हलकी भूल मिळालेल्या १५ पैकी चार दगावली. आकडे लहान आहेत, पण त्यांनी शल्यगृहांतील वाद जवळजवळ मिटविला.

‘बाळाला आठवणार कुठे आहे?’ हा युक्तिवाद शेवटपर्यंत तग धरून होता. टोरांटोच्या ॲना टॅडिओ यांनी १९९७ मध्ये त्याचीही परीक्षा घेतली. जन्मानंतर लगेच खतना झालेले मुलगे चारसहा महिन्यांनी लस टोचताना खतना न झालेल्यांपेक्षा अधिक कळवळत असल्याचे दिसले. ज्यांना खतन्याच्या वेळी बधिर करणारे मलम लावले होते, त्यांच्यात हा परिणाम कमी होता. त्या वयाची आठवण बाळाला सांगता येत नसली तरी शरीर ती ठेवते. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्याच रेबेका स्लेटर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन पाहिले, तेव्हा मोठ्या माणसात वेदनेच्या वेळी जागृत होणाऱ्या २० भागांपैकी १८ भाग नवजातातही जागृत होताना आढळले.

शल्यगृहातला प्रश्न सुटला. शल्यगृहाबाहेरचा तितकासा सुटलेला नाही. पेटीतील बाळाच्या टाचेतून दिवसातून कित्येकदा रक्त काढावे लागते, नळ्या घालाव्या लागतात, चिकटपट्ट्या ओढून काढाव्या लागतात, आणि त्या प्रत्येक वेळी भूल देता येत नाही. यावर सापडलेले उपाय साधे आहेत. एक म्हणजे जिभेवर साखरपाण्याचे थेंब. दुसरा आईच्या उघड्या छातीवर बाळाला धरणे, जो कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ नंतर पेट्या अपुऱ्या पडल्यामुळे सुरू झाला. टाचेला टोचताना बाळ आईच्या कातडीला लागून असेल तर ते कमी रडते, हे नियंत्रित प्रयोगांनी दाखविले आहे. अडचण अशी, की सिझेरियन झालेली आई पहिले एकदोन दिवस टाक्यांमुळे अंथरुणाला खिळलेली असते आणि बाळ दुसऱ्या मजल्यावर, कधी दुसऱ्याच गावच्या रुग्णालयात असते. छातीशी धरण्याचे काम अशा वेळी बाप, आजी किंवा मावशी यांनाही करता येते. त्यांना आत सोडायचे की नाही, हे विभागाचे नियम ठरवितात.