वेतनादान व त्याजक धनी

व्यवहारग्रंथाची एखादी जुनी प्रत हातीं आली म्हणजे अभ्यासकाची दृष्टि बहुधा दायभाग व दत्तक यांकडे वळते. भृत्याच्या वेतनाचें प्रकरण कोणी फारसें चाळीत नाहीं. वास्तविक मनूनें १८ विवादपदांत त्यास स्वतंत्र स्थान दिलें आहे.

हें शास्त्र केवळ धन्याच्या सोयीचें, अशी समजूत मनुस्मृति वाचून होते व ती निराधारहि नाहीं. निरोगी असून गर्वानें काम न करणाऱ्यास ८ कृष्णल दंड होऊन वेतनहि बुडे. मात्र आजारी चाकरानें बरें होऊन काम पुरें केलें, तर कितीहि काळ लोटला तरी वेतन त्याचेंच.

१९०९ मध्यें शामशास्त्री यांनीं म्हैसुराहून छापलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत दुसरी बाजू स्पष्ट दिसते. वेतन न देणाऱ्या धन्यास त्याचा दशांश किंवा ६ पण दंड. देणें असून नाकबूल जाईल त्यास पंचमांश किंवा १२ पण. पुरावा कोठला? तर चाकरीचा करार शेजाऱ्यांस ठाऊक असावा, निकाल साक्षींवर व्हावा, आणि साक्षी नसल्यास जेथें काम झालें तेथें चौकशी करावी. निरक्षर गड्यास याहून सोयीचा पुरावा कोणता असणार?

खरा वाद पुढें आहे. चाकर हजर असून धन्यानें काम दिलें नाहीं, तर तें झालेंच असें धरावें, हें पूर्वाचार्यांचें मत. कौटिल्यास तें मान्य नाहीं. केलेल्याचेंच वेतन, न केलेल्याचें नव्हे. पण लागलीच तो म्हणतो कीं, थोडेंहि काम करवून मग धन्यानें तें थांबविलें तर सर्व झालें असें समजावें. आमच्या मतें आचार्यांचा पक्ष अधिक उदार, तथापि कौटिल्याचा अधिक व्यवहार्य. शास्त्रांत आज्ञा आहे एवढ्यानें अंमल सिद्ध होत नाहीं, हें सांगणें नलगे. त्यासाठीं निवाडपत्रेंच धुंडाळलीं पाहिजेत.

याज्ञवल्क्यानें भारवाहकाविषयीं हाच न्याय मोजून दिला आहे. ओझें निघतांना टाकल्यास वेतनाचा सप्तमांश, वाटेंत टाकल्यास चतुर्थांश व अर्ध्या वाटेवर टाकल्यास सर्व वेतन त्यानें भरावें. श्लोकाच्या शेवटीं ‘त्याजक’ हा शब्द येतो, म्हणजे काम सोडावयास लावणारा धनी. विक्रमादित्य चालुक्याच्या (१०७६–११२६) कल्याणींत मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर त्या शब्दाचा हाच अर्थ घेऊन, तेच अंश धन्यानें भृत्यास द्यावे असें सांगतो.